ट्रान्सेंडन्सची चिठ्ठी

चिठ्ठीकाकांच्या प्रत्येक शर्टाला तीन खिसे असत. दोन सगळ्यांना असतात तसे, आणि तिसरा आतल्या बाजूला, डाव्या बरगडीवर, बरोबर एका चिठ्ठीच्या मापाचा. तो काकू शिवून देत. बाजारातून नवा शर्ट आला की आधी काकूंच्या मशीनखाली जायचा आणि मगच काकांच्या अंगावर. त्या खिशात कोऱ्या चिठ्ठ्या आणि बोटभर लांबीची पेन्सिल. बसस्टॉपवर, न्हाव्याच्या खुर्चीत, अगदी कुणाला स्मशानात पोचवायला गेलेले असतानाही कानावर कामाचं वाक्य पडलं की काकांचा हात आत जायचा. ज्यांना माहीत नसे त्यांना वाटायचं, या गृहस्थांच्या छातीत कळ आली.

मी शब्दकोशाच्या कचेरीत तपासनीस म्हणून लागले तेव्हा माझं टेबल त्यांच्यासमोर आलं आणि एकोणीस वर्षं तिथंच राहिलं. मला कुणाचं फार कौतुक करायची सवय नाही. काकांचं तर मुळीच करणार नाही. त्यांची आठवण झाली की आधी मला राग येतो, आणि तो त्यांचा की माझा स्वतःचा, हे अजून ठरलेलं नाही.

खाली छापखाना आणि वर आम्ही, अशी कचेरी होती. भिंतींना लागून लाकडी खणांची कपाटं, खणांत अक्षरवार चिठ्ठ्या, आणि सगळीकडे खळीचा वास. परभाषेतला प्रत्येक शब्द आपल्या भाषेत समजावून द्यायचा, हे काम. नोंदीचे भाग तीन. शब्दाचं कूळ, शब्दाचा अर्थ आणि उदाहरण. कूळ आणि अर्थ कुठलाही कोश देतो. उदाहरण हा आमचा हट्ट होता. तो अर्थ आपल्या भाषेत कुणातरी जित्याजागत्या माणसाच्या तोंडून, कुणी विचारलेलं नसताना, सहज आलेला असला पाहिजे. पुस्तकातलं वाक्य चालणार नाही, टेबलाशी बसून रचलेलं तर नाहीच. चिठ्ठीवर वाक्य, बोलणाऱ्याचा धंदा, जागा, तारीख आणि वेळ. मग ती माझ्याकडे यायची. मी चार प्रश्न विचारायची आणि शिक्का मारायची.

"रचलेलं वाक्य मला लगेच ओळखू येतं," काका म्हणायचे. "त्याला घाम येत नाही."

बाराव्या खंडाचं काम संपत आलं होतं. महिनाअखेरीला खंड छापखान्यात उतरवायचा, असं मुख्य संपादकांनी सांगून ठेवलं होतं. ते कमी बोलायचे, पण बोललेलं विसरायचे नाहीत. सगळ्या नोंदी झाल्या होत्या. एकच शब्द घशात काटा अडकावा तसा अडकला होता. ट्रान्सेंडन्स.

विद्वानांनी त्याला केव्हाच नाव ठेवलं होतं. अतीतता म्हणा, सर्वातीतता म्हणा. लिहायला सोपं आणि बोलायला कुणी तयार नाही. काकांना ते मान्य नव्हतं. एका सकाळी चहाच्या कपात बिस्कीट बुडवून ते विसरून गेले आणि मला शब्दाचं कूळ सांगायला लागले.

"दोन लॅटिन तुकडे आहेत. पहिल्याचा अर्थ पलीकडे. दुसऱ्याचा अर्थ चढणं. बस्स. आधी कुणीतरी भिंत चढून पलीकडे उतरलं, एवढंच त्यात होतं. डोंगर असेल, बांध असेल. देवाबिवाचा काही संबंध नव्हता. तो नंतर आला. धर्मवाल्यांनी म्हटलं, देव या जगाच्या पलीकडे आहे. मग तत्त्वज्ञानवाले आले, त्यांनी अनुभवाच्याही पलीकडे नेला. प्रत्येकानं शब्द थोडा थोडा वर ढकलला. आता तो इतका वर गेलाय की कुणाचा हात पोचत नाही."

"आपल्याकडे असं काही नाही?"

"आपला स्कंद् धातू त्याच घरातला मानतात. उडी मारणे."

"मग उडी लिहा आणि मोकळे व्हा," मी म्हटलं. माझ्यासमोर दोनशे चिठ्ठ्या पडल्या होत्या.

काकांनी मान हलवली. "उडी मारणारा जमीन सोडतो. चढणारा सोडत नाही. त्याचे हातपाय भिंतीवरच असतात. जिला ओलांडायचं, तिलाच धरून ओलांडायचं. सुटका वेगळी, विसरणं वेगळं, आणि हे वेगळं. हा अर्थ कुणीतरी बोललेला असणार. माणसं इतकं सोसतात, त्यातलं कुणीतरी बोललं असणारच. मला ते वाक्य हवंय."

कपातलं बिस्कीट एव्हाना तळाला गेलं होतं. त्यांनी चहा तसाच पिऊन टाकला.

मग ते वाक्य शोधत हिंडायला लागले. तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकांसमोर तास दीड तास बसून आले आणि कोरी चिठ्ठी घेऊन परतले. डोंगर चढणाऱ्या मंडळाच्या बैठकीला गेले. तिथल्या लोकांनी वर गेल्यावर किती भारी वाटतं ते सांगितलं आणि यांच्या हातात वर्गणीचं पावतीपुस्तक ठेवलं. दोन दिवस स्टेशनबाहेर हमालांच्या कट्ट्यावर बसले. तिथं त्यांना दुसऱ्या सात शब्दांची उदाहरणं मिळाली, हवं ते मिळालं नाही. रोज सकाळी मी विचारायची, "मिळालं का?" आणि ते मान हलवायचे.

त्या दिवसांत काकू इस्पितळात होत्या. हे मला माहीत होतं. तरीही माझा पहिला प्रश्न रोज वाक्याचा असायचा आणि दुसरा काकूंचा. हे मी आता लिहिते तेव्हा मला माझीच लाज वाटते.

काकू कपडे दुरुस्त करून द्यायच्या. नवं शिवण्यापेक्षा जुनं उसवून नीट करणं त्यांना आवडायचं. पँटी आखूड करायच्या, घट्ट झालेली कंबर सैल करायची, फाटलेल्या खिशांना अस्तर लावायचं. चौथ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, लिफ्ट नाही, खिडकीशी मशीन. मूलबाळ नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं कापडाचा बारीक तूस छातीत गेला आणि शेवटी दम लागायला लागला. आधी दोन जिने चढून थांबायच्या, मग एक, मग खाली उतरणंच बंद केलं, कारण परत वर कसं यायचं. चौदा महिने त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. मग इस्पितळातली माणसं खुर्चीत बसवून त्यांना खाली घेऊन गेली.

मी त्यांना एकदाच नीट भेटले होते, त्या हिंडत्याफिरत्या होत्या तेव्हा. काका चष्मा घरी विसरले म्हणून त्या तो घेऊन कचेरीत आल्या होत्या. काका आतल्या खोलीत होते. त्या माझ्यासमोर, काकांच्या खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही रोज समोर बसता ना यांच्या? तुमच्याशी बोलतात का?"

"कामाचं बोलतात," मी हसून म्हटलं.

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझंच बोलायचं कुठंतरी चुकतं."

मला तेव्हा ती थट्टा वाटली. काकूंची जीभ तिखट आहे हे मला त्याआधीच ठाऊक होतं, कारण त्यांची वाक्यं मी वर्षानुवर्षं तपासत होते. काकांच्या चिठ्ठ्यांवर जागेच्या रकान्यात 'घर' असं असलं की समजायचं, हे काकूंचं. अशा हजाराच्या वर चिठ्ठ्या होत्या. कोशातला निम्मा जिवंतपणा त्या चौथ्या मजल्यावरून आलेला होता आणि काकूंना त्याचा पत्ता नव्हता. सांगितलं तर माणूस जपून बोलायला लागतं आणि वाक्य बिघडतं, म्हणून सांगायचं नाही, अशी रीत होती. मशीन चालवता चालवता त्या बोलायच्या आणि मागे बसून काका लिहून घ्यायचे. मशीनच्या आवाजात पेन्सिलीचा आवाज कुठून येणार.

मुख्य संपादकांनी काकांना रजा घ्या म्हणून दोनदा सांगितलं. काकांनी घेतली नाही. शब्द संपवतो आणि मग पूर्ण वेळ तिच्याजवळ बसतो, असं त्यांचं म्हणणं. पाचला कचेरी सुटली की ते इस्पितळात जायचे. त्या बुधवारी मात्र शिपायानं निरोप आणला आणि ते दुपारीच गेले. साडेतीनच्या सुमाराला काकू गेल्या.

सोमवारी काका कामावर आले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. आम्ही सगळे उठून उभे राहिलो आणि कुणाला काय बोलावं ते सुचेना. चार दिवस ज्यांच्या तोंडात शब्द नव्हता अशी आम्ही शब्दकोशवाली माणसं. काका खुर्चीत बसले, आतल्या खिशातून एक चिठ्ठी काढली आणि माझ्यासमोर सरकवली.

"तपास," म्हणाले.

मी वाचली. त्यांच्या बारीक, सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: "दुखणं आहे तिथंच आहे. पण त्याच्यावरच पाय देऊन मी पलीकडे येऊन बसलेय..."

आता खरं सांगते. मला आनंद झाला. सहा आठवडे आम्ही दोघं ज्याच्यासाठी जीव टाकत होतो ते माझ्या हातात होतं, आणि इतकं चोख की त्यातला एक शब्द इकडचा तिकडे करायला नको. भिंत होती, पाय होता, पलीकडे होतं. "काका, हेच ते," मी म्हटलं आणि शिक्का उचलला. मग माझी नजर खालच्या रकान्यांवर गेली. शिवणकाम करणारी. इस्पितळ, बायकांचा कक्ष, खाट अकरा. बुधवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. मी शिक्का खाली ठेवला. तिथं मी गप्प बसायला हवं होतं. शहाण्या बाईनं चिठ्ठी परत केली असती आणि त्यांच्यासाठी चहा मागवला असता. पण वाक्यातला नको असलेला भाग गाळला की तिथं तीन टिंबं द्यायची, आणि गाळलेलं काय होतं ते तपासणाऱ्यानं विचारून घ्यायचं, हा आमचा नियम. एकोणीस वर्षांची सवय माझ्या तोंडातून बोलली.

"टिंबांच्या जागी काय होतं?"

काकांनी चष्मा काढला. "'इथं एकटीला भीती वाटते. जरा जवळ या.'"

खालच्या मजल्यावर यंत्र चालू होतं. ते चालू असलं की आमच्या टेबलावरच्या दौती हलायच्या.

"मी स्टुलावर बसलो होतो," काका म्हणाले. "हात लांबवला असता तर पोचला असता. मी हात खिशात घातला. पहिलं वाक्य ऐकलं आणि मला कळलं की हेच ते. पुढचं माझ्या कानावर पडलं, पण ते शब्दासाठी नको होतं. म्हणून टिंबं दिली. मग मी तिला विचारलं."

"काय विचारलं?"

"'येऊन बसलेय' म्हणालीस की 'जाऊन बसलेय', ते. फरक पडतो ना. 'येऊन' असेल तर माणूस तिकडून बोलतंय."

मी चिठ्ठीवरचं 'येऊन' पुन्हा वाचलं.

"ती माझ्याकडे बघत राहिली थोडा वेळ. चिठ्ठीकडे बघितलं, पेन्सिलीकडे बघितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं मला तिचं बोलणं लिहिताना पाहिलं असेल. मग म्हणाली, 'काही नाही. तुमचं होऊ द्या.' आणि भिंतीकडे तोंड केलं. मी चिठ्ठी पुरी केली. वेळ घालायला घड्याळात बघितलं. तीन दहा. पुढची वीस मिनिटं मी अर्थाच्या छटा लिहीत होतो. मान वर केली ती नर्स धावत आली तेव्हा."

हे सगळं त्यांनी एका सुरात सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाची नोंद वाचून दाखवताहेत. रडले असते तर मला बरं वाटलं असतं. मग ते म्हणाले, "'घर' लिहिलेल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून दे मला."

त्या एका जागी नव्हत्या. दोन दिवस मी आणि शिपाई खण उपसत होतो. बुधवारी दुपारी काकांच्या टेबलावर त्यांचे गठ्ठे लागले. त्यांनी वरून एकेक उचलून वाचायला सुरुवात केली, आधी मनात आणि मग मला ऐकू येईल असं.

'बोअरडम' या शब्दाखाली: "दिवसभर हे मशीनच काय ते बोलतं माझ्याशी."

'व्हिम', म्हणजे लहर, या शब्दाखाली: "आज पाचलाच या घरी. काम काही नाही, उगीच."

'होरायझन' या शब्दाखाली: "एकदा मला समुद्र दाखवा. जवळ नको, लांबूनच."

'लिसन' या शब्दाखाली: "मी काय म्हणतेय ते ऐकताय ना?"

या प्रत्येक चिठ्ठीवर माझा शिक्का होता. मी त्या तपासल्या होत्या, डोळ्यांत तेल घालून. अर्थ बघितला, तारीख बघितली, शब्दक्रम बघितला. बाई कुणाकडे तरी काहीतरी मागतेय, हे मला एकदाही दिसलं नाही. काकांनाही नाही. आम्ही दोघं त्या वाक्यांवर इतके खूश होतो.

"समुद्राचं काय झालं मग?" मी विचारलं. "नेलंत का त्यांना?"

काका ती चिठ्ठी हातात धरून बसले. "वाक्य फार चांगलं होतं," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा मोडला आणि ते रडले. साठी ओलांडलेला माणूस टेबलावर डोकं ठेवून, चिठ्ठ्या भिजू नयेत म्हणून एका हातानं त्या बाजूला सारत रडत होता. मला त्याही वेळी त्यांचा राग आला, की आतासुद्धा तुम्हाला चिठ्ठ्याच सुचतात. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की दुसऱ्या बाजूनं मीही त्याच सावरत होते.

दुसऱ्या दिवशी काकांनी ती इस्पितळातली चिठ्ठी परत मागितली, तेव्हा मी त्यांना समजावायला गेले. म्हटलं, "काका, हे वाक्य छापू या. काकू शिकल्या नव्हत्या, कुठं त्यांचं नाव नाही की फोटो नाही. निदान एवढं राहील. कोश शंभर वर्षं वाचतील लोक." मला वाटत होतं, मी चांगलंच काहीतरी सांगतेय.

काकांनी माझ्याकडून चिठ्ठी घेतली. "ती मला म्हणाली होती," ते म्हणाले. "वाक्य माझ्याशी होतं. त्याला उत्तर द्यायचं राहिलंय. तुम्ही लोकांनी ते उदाहरण म्हणून छापलंत तर ते कुणालाच म्हटलेलं राहणार नाही. नुसतं एका शब्दासमोर उभं राहील." त्यांनी ती खिशात घातली, आतल्या नाही, बाहेरच्या. "इतक्या चिठ्ठ्या दिल्या मी तुम्हाला. ही नाही देत."

मला पटलं असं नाही. अजूनही कधी कधी वाटतं की ते वाक्य लोकांपर्यंत जायला हवं होतं. काका आता नाहीत, म्हणून मी ते इथं लिहिलं, आणि आठवणीतून लिहिलंय. त्यातही एखादा शब्द चुकला असेल तर तपासायला आता कुणी नाही.

महिनाअखेरीला मुख्य संपादक खंडाची शेवटची पानं घेऊन आमच्या टेबलांशी आले. उभ्या उभ्या एकेक नोंद बघत होते. कूळ बघितलं, पलीकडे आणि चढणे. अर्थ बघितला. काकांनी तो फार सुरेख लिहिला होता, ज्याला ओलांडायचं त्यालाच धरून ओलांडणं, असा. मग त्यांचं बोट खालच्या कोऱ्या जागेवर थांबलं.

"उदाहरण?"

"मिळालं नाही," काका म्हणाले.

मी माझ्या चिठ्ठ्यांवरून नजर उचलली नाही. त्या माणसानं माझ्यासमोर बोललेलं हे पहिलं खोटं, आणि मी तपासनीस असून ते जाऊ दिलं.

मुख्य संपादकांनी पान खाली ठेवलं. त्यांना आश्चर्य वाटलं होतं, राग नव्हता. "चौतीस वर्षं तुम्ही माणसांचं बोलणं टिपताय," ते म्हणाले. "हजारो माणसं. त्यातलं एकही या अर्थानं बोललं नाही?"

काका उठून उभे राहिले, शाळेत उभं राहतात तसे.

"बोललं असेल," ते म्हणाले. "मी ऐकलं नाही."